वार, खाणावळ आणि वसतिगृह

कोंकणांतून किंवा देशावरच्या एखाद्या खेड्यांतून पुण्यास शिकावयास आलेल्या मुलाचा पहिला दिवस, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, शाळेच्या किंवा कॉलेजच्या दारांत उजाडत नसे. तो कोणाच्या तरी ओसरीवर उजाडे. खांद्यावर पडशी, काखोटीला वळकटी, कनवटीला चार-दोन रुपये आणि उपरण्याच्या पदरांत बांधलेलें ओळखीचें पत्र, एवढ्या सामग्रीनिशीं हा मुलगा पेठेंतल्या गल्ल्या हिंडे. पुस्तकें कोठें मिळतील, गुरुजी कोण असतील, हे प्रश्न पुढचे. पहिला प्रश्न असे, 'सोमवारीं कोणाकडे जेवावयाचें?'

या प्रश्नाचें त्या काळचें उत्तर म्हणजे वार लावणें. सात दिवसांचीं सात घरें. एक वार जोशांकडे, एक भाव्यांकडे, एक मावशीच्या दूरच्या दिरांकडे, असा आठवडा भरला म्हणजे मुलाचा पुण्यांतला मुक्काम पक्का झाला. एखादा वार रिकामा राहिला तर त्या दिवशीं झोळी घेऊन माधुकरी मागावी, नाहीं तर चणेकुरमुरे खाऊन वर पाणी प्यावें. रिकाम्या वारीं एकादशी आली कीं मुलाला बरें वाटे. उपासाचें पुण्य पदरांत पडे आणि अब्रूहि राही. श्रावणांत आणि पितृपक्षांत मात्र चंगळ असे. त्या दिवसांत पोट भरून वर दक्षिणेचे चार पैसेहि कनवटीला लागत.

या रीतीची थोरवी कमी लेखूं नये. शेंकडों गरीब मुलें शिकलीं, शास्त्री झालीं, मामलेदार आणि मुनसफ झालीं, तीं या वारांवर. घरांत आपलीं पांच मुलें असतां सहाव्या परक्या मुलाचें पान नेमानें मांडणाऱ्या गृहिणीचें नांव या थोरांच्या चरित्रांत क्वचितच सांपडतें; चरित्रकारांनीं तिच्यावर अन्यायच केला आहे. परंतु वाराच्या अन्नाला किंमत होती, आणि ती पैशांत मोजली जात नसे. मुलगा पंक्तीच्या टोंकास बसे. तूप दुसऱ्यांदा मागत नसे. पूजेचीं फुलें आणावीं, विहिरीचें पाणी भरावें, धाकट्यांकडून उजळणी म्हणून घ्यावी, हें तो न सांगतां करी. हीं कामें कांहीं कमीपणाचीं नव्हतीं. खरी अडचण निराळीच होती. सात घरांचीं सात मतें असत, आणि सातांपुढेंहि मान डोलवावी लागे. १८७० सालीं पुण्यांत विधवांच्या पुनर्विवाहावर शंकराचार्यांसमोर मोठा वाद झाला, तेव्हां घरोघर दुसरा विषय नव्हता. अशा वेळीं मिलचे आणि स्पेन्सरचे ग्रंथ वाचूं लागलेल्या एखाद्या मुलास पानावर बसल्या बसल्या यजमानानें विचारलें, 'काय रे, तुझें काय मत?', तर त्यानें काय सांगावें? पुढच्या आठवड्याचा तोच वार डोळ्यांसमोर ठेवून तो भाताकडे पाहूं लागे. महाराष्ट्रांतील विद्यार्थ्याच्या स्वातंत्र्याचा इतिहास लिहावयाचा तर तो या पानापासून लिहावा लागेल. कॉलेजांत तो काय शिकला याबरोबरच, तो कोणाचें जेवला आणि जेवूं घालणाऱ्यानें त्याच्यापासून काय अपेक्षिलें, हेंहि त्यांत यावयास हवें.

जेवूं घालणारा नेहमीं गृहस्थच असे असें नाहीं. पेशव्यांच्या काळीं श्रावणमासांत विद्वान् ब्राह्मणांना दक्षिणा वांटली जाई. इंग्रजी अंमलांत ती हळूहळू आटली. १८४९ सालीं पुण्यांतील कांहीं सुधारकांनीं या रकमेचा कांहीं भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्चावा असा अर्ज केला. त्यांत लोकहितवादी प्रमुख होते. शास्त्रीमंडळी खवळली. तरी पुढें याच फंडांतून कॉलेजांतल्या हुशार विद्यार्थ्यांना 'दक्षिणा फेलो' नेमण्याची पद्धत सुरू झाली. फेलोनें स्वतः शिकावें आणि खालच्या वर्गांना शिकवावें. वेदपठणाबद्दल मिळणारी दक्षिणा तर्कशास्त्र आणि इतिहास शिकणाऱ्याच्या हातीं पडूं लागली, ही क्रांति लहान नव्हे.

महादेव गोविंद रानडे हे मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत असे दक्षिणा फेलो होते. मुंबई विद्यापीठ १८५७ सालीं स्थापन झालें, आणि १८६२ सालीं त्याचे पहिले चार पदवीधर बाहेर पडले : रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, बाळ मंगेश वागळे आणि वामन आबाजी मोडक. या हुशार विद्यार्थ्याची एक हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. रानड्यांनीं एका निबंधांत मराठ्यांच्या राज्याची आणि इंग्रजी राज्याची तुलना केली, आणि ती इंग्रजांना अनुकूल नव्हती. कॉलेजचे प्रमुख सर अलेक्झांडर ग्रँट. त्यांचें रानड्यांवर मनापासून प्रेम होतें. परंतु जें सरकार तुला शिकवीत आहे त्याचीच निंदा करतोस, असा राग त्यांना आला, आणि रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली. भाषा इंग्रजी, जागा मुंबईची, आणि यजमान तत्त्वज्ञानाचा मोठा पंडित. तरी सदाशिव पेठेंतल्या ओसरीवरचा न्यायच येथेंहि लागला. मुलानें मत बोलून दाखवलें आणि वार तुटला. रानडे यांनीं ग्रँटसाहेबांविषयींचा आदर पुढेंहि सोडला नाहीं, आणि मराठ्यांच्या इतिहासाविषयींचें मतहि सोडलें नाहीं. त्यांचा मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील ग्रंथ १९०० सालीं प्रसिद्ध झाला.

पैसा घरचा असला म्हणजे मोकळीक मिळते असें वाटतें. पण तो पैसा कोणी पोट मारून पाठविलेला असला तर त्याचें ओझें वाराच्या अन्नाहून अधिक होतें. गोपाळ कृष्ण गोखले यांचे वडील लवकर वारले. थोरले बंधु गोविंदराव शिक्षण सोडून १५ रुपयांच्या नोकरीस लागले आणि त्यांतले ८ रुपये दरमहा कोल्हापुरास शिकणाऱ्या गोपाळाला पाठवूं लागले. सात माणसांचें घर उरलेल्या सात रुपयांत कसें चाललें असेल याचा विचार या मुलाच्या मनांतून कधीं गेला नसावा. एक गोष्ट सांगतात ती अशी. एका सधन सोबत्यानें त्याला नाटकाला चल म्हटलें, आणि हा गेला. निमंत्रण आहे अशी समजूत. दुसऱ्या दिवशीं सोबत्यानें तिकिटाचे दोन आणे मागितले. गोपाळानें ते मुकाट्यानें दिले आणि दिव्याच्या तेलाच्या खर्चांतून भरून काढले. कांहीं दिवस त्याचा रात्रींचा अभ्यास रस्त्यावरच्या दिव्याखालीं झाला. आमच्याकडच्या प्रत्येक थोर पुरुषाच्या चरित्रांत म्युनिसिपालिटीचा दिवा एकदां तरी लागतोच, त्यामुळें अशा गोष्टी हंसून सोडून देण्याची वाचकांस संवय झाली आहे. ही मात्र सोडूं नये. पुढें सरकारच्या अंदाजपत्रकांतील पैन् पै तपासून कौन्सिलांत अर्थसचिवांना अडचणींत आणणारा माणूस हिशेब प्रथम या दोन आण्यांवर शिकला, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं.

आतां पुन्हां पुण्यास येऊं. १८६८ सालीं पुण्याच्या कॉलेजनें शहर सोडलें आणि तें मुळामुठेच्या पलीकडे येरवड्यास नव्या इमारतींत गेलें. इमारतीला सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीचा मोठा हातभार होता, आणि कॉलेजचें नांव आतां डेक्कन कॉलेज झालें होतें. भोंवतीं मोकळें रान, खालीं नदी, राहावयास खोल्या. शिक्षणाच्या दृष्टीनें ही जागा उत्तम, असें सर्वांनीं म्हटलें. पण या स्थलांतरानें आणखी एक गोष्ट घडली, तिची नोंद फारशी कोणी केली नाहीं. येरवड्याहून रोज दुपारीं शहरांत वारास जाऊन परत येणें अशक्य होतें. ज्याला येथें राहावयाचें त्याला सात घरें सोडणें भाग पडलें. त्याच्या जागीं आला 'क्लब'. आठ-दहा किंवा पंधरा-वीस मुलांनीं मिळून आचारी ठेवावा, पाणक्या ठेवावा, महिन्याचा सामान भरावा, आणि शेवटीं खर्चाची वांटणी करावी. हें मंडळ जेवणाचें. पण ज्याच्याकडे महिन्याची पाळी येई तो मुलगा तांदुळाचा भाव, आचाऱ्याचा रुसवा आणि उधारी ठेवणाऱ्या मित्राचा संकोच, या तिन्हींना तोंड देण्यास शिके. घरीं आईनें वाढलेलें खाणारा आणि वारीं परक्यानें वाढलेलें खाणारा मुलगा प्रथमच आपल्या अन्नाचा धनी झाला. आणि धनी झाल्याबरोबर भांडूं लागला, हेंहि सांगितलें पाहिजे. सोवळ्यानें जेवावें कीं नाहीं यावर क्लबांत जितका कडाक्याचा वाद होई तितका वर्गांत कशावरहि होत नसे.

बाळ गंगाधर टिळक या कॉलेजांत आले ते सोळा-सतरा वर्षांचे असतां. वडील नुकतेच, १८७२ सालीं, वारले होते; मुलाच्या शिक्षणापुरती तजवीज ते करून गेले होते. प्रकृति मात्र अशक्त. तेव्हां या मुलानें एक निश्चय केला, जो कोणत्याहि पालकाला मान्य झाला नसता : कॉलेजचें पहिलें वर्ष शरीर कमावण्यास द्यावयाचें. तालीम, कुस्ती, पोहणें, आणि त्या मानानें आहार. अभ्यास मागें पडला, वर्ष खर्ची पडलें, आणि पुढें तुरुंगांत उपयोगीं पडेल असें शरीर तयार झालें. त्यांची जीभ कोणाची भीड ठेवीत नसे, म्हणून सोबत्यांनीं त्यांस 'ब्लंट' असें नांव ठेवलें होतें. ज्याला सात घरीं जेवावयाचें नव्हतें त्यालाच हें नांव परवडलें.

गोपाळ गणेश आगरकर यांची गोष्ट याच्या अगदीं उलट. कऱ्हाडाजवळच्या टेंभू गांवीं १८५६ सालीं जन्म, घरीं दारिद्र्य, शिक्षण कऱ्हाड, रत्नागिरी आणि अकोला असें तुकड्यातुकड्यांनीं. मध्यें कचेरींत उमेदवारी केली, दवाखान्यांत कंपाउंडरचें काम केलें. १८७५ सालीं अकोल्याहून मॅट्रिक होऊन ते डेक्कन कॉलेजांत आले. तेथें अंगावर एकच सदरा होता, तो रात्रीं धुवावा आणि सकाळीं वाळलेला घालावा, असे दिवस त्यांनीं काढल्याचें प्रसिद्ध आहे. बक्षिसाचा निबंध, वर्तमानपत्रांतले लेख, शिष्यवृत्ति, असे पैसे जोडून त्यांनीं अभ्यास केला. असा मुलगा एम. ए. झाल्यावर काय करील? घरच्यांची अपेक्षा स्वाभाविक होती : आतां मोठा पगार येईल आणि दैन्य फिटेल. त्या आईला आगरकरांनीं आधींच पत्र लिहून ठेवलें, कीं ही आशा धरूं नकोस. पोटापुरतें मिळवून बाकीचें आयुष्य लोकांच्या कामीं लावण्याचा माझा विचार आहे. या पत्राचें आपल्याकडे फार कौतुक झालें, आणि तें योग्यच आहे. परंतु तें टेंभूस वाचून दाखविलें गेलें असेल तेव्हां त्या माउलीच्या मनांत काय आलें असेल, हें कोणी विचारीत नाहीं. मुलाच्या स्वातंत्र्याची किंमत मुलगा एकटाच देत नसतो.

१८७९ सालीं टिळक एल्एल्. बी. चा आणि आगरकर एम. ए. चा अभ्यास करीत याच कॉलेजांत होते. रात्र रात्र त्यांचीं बोलणीं चालत. विषय एकच. देशांत शिक्षण वाढावें, पण तें सरकारच्या नोकरींत राहून वाढविण्यांत अर्थ नाहीं. कारण ज्याचा पगार त्याचें मत. विष्णुशास्त्री चिपळूणकर सरकारी नोकरी सोडून त्यांना मिळाले, आणि १८८० च्या २ जानेवारीस पुण्यांत न्यू इंग्लिश स्कूल निघालें. आगरकर एम. ए. होऊन पुढल्या वर्षीं शाळेंत आले. १८८५ सालीं याच मंडळींचें फर्ग्युसन कॉलेज उभें राहिलें. रानड्यांची शिष्यवृत्ति सहा महिने बंद झाली त्या प्रसंगाला या वेळीं वीसाहून अधिक वर्षें लोटलीं होतीं; तरी त्या प्रसंगानें जो प्रश्न उभा केला त्याला कोणी उत्तर दिलें असेल तर तें या तरुणांनीं. पुढें टिळक आणि आगरकर यांच्यांत जें वितुष्ट आलें त्याची कथा येथें नको.

वार काय, क्लब काय, या साऱ्या सोयी मुलांच्या. शिकणाऱ्या मुलीला ओसरी कोण देणार? १८८३ सालीं फर्ग्युसन कॉलेजहि निघालें नव्हतें, तेव्हां अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी ७ एप्रिल रोजीं कलकत्त्याहून बोटींत बसली आणि दोन महिन्यांनीं न्यूयॉर्कला उतरली. प्रथम न्यू जर्सींतल्या रोझेल गांवीं कार्पेंटरबाईंच्या घरीं राहून, ऑक्टोबरांत तिनें फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजांत नांव घातलें. कॉलेजनें शिष्यवृत्ति दिली. कार्पेंटरबाईंना ती मावशी म्हणे, आणि त्या मावशीनेंहि तें नातें शेवटपर्यंत पाळलें.

या मुलीचें लग्न नवव्या वर्षीं झालें होतें. शिकविलें नवऱ्यानें, मारलेंहि नवऱ्यानें, आणि समुद्रापार पाठविण्याची जिद्दहि त्याचीच. गोपाळराव जोशांच्या हट्टावांचून ती तेथें गेली नसती हें जितकें खरें तितकेंच हेंहि खरें, कीं तेथें गेल्यावर ती त्यांच्या हट्टाची राहिली नाहीं. आपलें शाकाहारी जेवण ती स्वतः शिजवी. फिलाडेल्फियाच्या थंडींत नऊवारी नेसून पायाच्या घोट्यांना ऊब मिळेना, तेव्हां तिनें गुजराती पद्धतीनें पातळ नेसावयास आरंभ केला. तसा फोटो घरीं गेल्यावर गोपाळरावांनीं पदरावरून नाराजी कळविली. सहा-सात हजार कोसांवरून आलेल्या या टीकेला आनंदीबाईनें जें उत्तर पाठविलें तें सभ्य होतें, पण त्यांत खालीं मान नव्हती. पूर्वीं सोसलेल्या मारहाणीची आठवणहि तिनें पत्रांतून स्पष्ट शब्दांत करून दिली, आणि त्याबरोबर पतीचे उपकारहि मानले. घरीं असतां हें तोंडानें बोलण्याची तिची छाती झाली नसती. स्वतःची खोली, स्वतःची चूल आणि स्वतःच्या नांवाची शिष्यवृत्ति, इतकें मिळाल्यावर लेखणी बोलूं लागली. ११ मार्च १८८६ रोजीं ती डॉक्टर झाली. तो समारंभ पाहावयास पंडिता रमाबाई आणि गोपाळराव दोघेंहि होतीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास, क्षयानें ती वारली. वय पुरतें बावीसहि नव्हतें.

याच सुमारास कॉर्नेलिया सोराबजी ही मुलगी डेक्कन कॉलेजांत मुलांच्या बरोबरीनें शिकून पहिल्या वर्गांत पदवीधर झाली. त्या यशाबरोबर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ति यावयाची, ती ती स्त्री आहे म्हणून आली नाहीं.

आरंभीं वारांची थोरवी सांगितली, पण तेथें एक वाक्य जाणूनबुजून मागें ठेवलें होतें. वाराच्या घरास जातीची वेस होती. ब्राह्मणाच्या मुलाला सात घरें मिळत. मराठ्याच्या, माळ्याच्या, महाराच्या मुलाला पुण्यांत किंवा कोल्हापुरांत सोमवारहि मिळत नसे आणि मंगळवारहि. शाहू महाराजांनीं १८९६ सालीं कोल्हापुरांत सर्व जातींसाठीं म्हणून एक वसतिगृह काढून पाहिलें. तें ब्राह्मण मुलांचेंच होऊन बसलें. मग १८ एप्रिल १९०१ रोजीं त्यांनीं मराठा विद्यार्थ्यांचें वसतिगृह उघडलें, आणि त्यामागून जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य, अशीं एकामागून एक वसतिगृहें कोल्हापुरांत निघालीं. जातीचा जाच मोडण्यासाठीं जातवार घरें बांधावीं लागलीं, यांतला विरोध महाराजांना दिसत नव्हता असें नाहीं. तो एका विद्यार्थ्याला फारच जवळून दिसला. १९०८ सालीं अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या वसतिगृहाच्या समारंभाला हजर राहून भाऊराव पाटील आपल्या वसतिगृहांत परतले. स्नान केल्यावांचून जेवावयास येऊं नये, असें त्यांना सांगण्यांत आलें. त्यांनीं स्नान केलें नाहीं, आणि त्यांना वसतिगृह सोडावें लागलें.

त्याच वर्षीं मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजांत भीमराव आंबेडकर यांचें नांव दाखल झालें. परळच्या चाळींतल्या एका खोलींत, जेथें सारें कुटुंब आणि सारा संसार, त्यांनीं मॅट्रिकचा अभ्यास केला होता. वडील रात्रीं दोनला उठवीत आणि मुलगा पहाटेपर्यंत वाची. कॉलेजांत सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ति मिळाली. परंतु कॉलेजच्या खाणावळवाल्यानें त्यांना चहा दिला नाहीं, पाणीहि दिलें नाहीं. रानड्यांच्या कॉलेजांत पन्नास वर्षांनीं ही स्थिति होती. १९१३ सालीं बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. तेथें विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांत ते राहिले, एका टेबलाशीं सर्वांबरोबर जेवले. शिष्यवृत्तींतून घरीं पैसे पाठवावयाचे आणि ग्रंथ विकत घ्यावयाचे, म्हणून स्वतःच्या जेवणांत काटकसर करीत. ही काटकसर त्यांच्या स्वतःच्या मर्जीची होती. ताट कोणी पुढून ओढलें नव्हतें.

शिष्यवृत्तीच्या बदल्यांत दहा वर्षें बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. तो पाळण्यासाठीं १९१७ सालीं ते बडोद्यास आले. एवढ्या शहरांत त्यांना राहावयास घर मिळेना. शेवटीं एका पारशी धर्मशाळेंत पारशी नांव घेऊन ते राहिले. रोजचा खर्च दीड रुपया. अकराव्या दिवशीं सकाळीं कांहीं पारशी हातांत काठ्या घेऊन आले आणि संध्याकाळच्या आंत जागा सोडण्यास बजावून गेले. परदेशांत चार वर्षें ज्याला वसतिगृहाची खोली सहज मिळाली त्याला स्वतः महाराजांच्या राजधानींत एक रात्र काढावयास छप्पर मिळालें नाहीं. त्या दिवशीं एका बागेंत बसून त्यांनीं वेळ काढला आणि रात्रींच्या गाडीनें मुंबई गांठली. पुढें, १९२५ च्या जानेवारींत, त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनें जीं पहिलीं कामें हातीं घेतलीं त्यांत सोलापूरचें विद्यार्थी वसतिगृह होतें.

भाऊराव पाटील यांनीं आपलें वसतिगृह १९२४ सालीं साताऱ्यास काढलें. येथें जातवार खोल्या नव्हत्या. सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस बसत, आणि त्याआधीं तीं दळीत, पाणी आणीत, पाळीपाळीनें स्वयंपाक करीत. १९२७ सालीं गांधीजींनीं या वसतिगृहास भेट देऊन त्याला शाहू महाराजांचें नांव दिलें. धान्य संपे तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई अंगावरचा एकेक दागिना मोडीत. शेवटीं मंगळसूत्रहि गेलें. याच संस्थेनें १९४७ सालीं साताऱ्यांत छत्रपति शिवाजी कॉलेज काढलें. ज्या मुलाजवळ फी नाहीं त्यानें ती श्रमानें फेडावी अशी तेथें सोय होती. सकाळीं शेतांत किंवा बांधकामावर गेलेला मुलगा हातपाय धुऊन दुपारीं वर्गांत येऊन बसे.